चारशे पावलांवरचा निरोप

मी दांडका बोलतोय. हो, दांडकाच. हसून घ्या एकदाचं आणि मग ऐका, कारण मला खूप बोलायचंय आणि आजवर कुणी बोलूच दिलेलं नाही. सगळा जन्म दुसऱ्यांचे निरोप पोचवण्यात गेला, स्वतःचं तोंड मात्र कायम बंद. आतून नुसता फुटायला आलोय!

सरळच सांगून टाकतो. माझ्यामुळे एका बाईचं घर गेलं. भिंती, छप्पर, उंबरा, सगळं. मी तेव्हा तिच्या पायापासून एका पावलावर होतो. एका! आणि मला ओरडता आलं नाही.

थांबा, मी घाई करतोय. पहिल्यापासून सांगतो.

हुल्ताबू हे गाव म्हणायचं म्हणून गाव. घरं चार. खाली नोर, मग मेलान, मग सोर, आणि चढावर, सोरपासून बरोब्बर चारशे पावलांवर, बाका. चार घरांची शेतं एकमेकांत अशी अडकलेली की विचारू नका. एकाची राय नावाच्या धान्याची पट्टी, तिला लागून दुसऱ्याची ओटची, मग परत पहिल्याचे बटाटे. नांगर वळवायचा तर शेजाऱ्याच्या रानात पाय पडायचाच. त्यामुळे पेरणी एका दिवशी, कापणी एका दिवशी, गुरं रानात सोडायची तीही एकाच दिवशी. आणि दिवस ठरवायचा म्हणजे चौघांना एकत्र बोलवायला हवं. ते काम माझं.

नोरच्या येर्कर नावाच्या म्हाताऱ्यानं मला ओकच्या फांदीतून कापलं. हाताच्या कोपरासारखा वाकडा आहे मी. टोकाला चीर आहे, तिच्यात चिठ्ठी खोचायची. अंगावर चार घरांच्या चार खुणा कोरल्यात: नोरचा काटा, मेलानची शिडी, सोरचा बाण, बाकाचं दाताळं. येर्करनं मला पहिल्यांदा हातात घेतलं, तोलून पाहिलं आणि बायकोला म्हणाला, "हा माझ्यापेक्षा जास्त हिंडणार बघ."

"तुझ्यापेक्षा तर आपली चूलही जास्त हिंडते," ती म्हणाली.

आवडली मला ती बाई.

माझे नियम चारच. सूर्य फिरतो त्या बाजूनं फिरायचं. हातातून हातात जायचं. घरात आलो की माणसाला बूट चढवायला लागतील तेवढंच थांबायचं. आणि ज्याच्या घरी मी शेवटी पोचेन त्यानं मला बैठकीला घेऊन यायचं. मी टेबलावर पडलो की बैठक सुरू. निरोप मोठा असला, म्हणजे रस्त्याचं काम, लांडग्यांचा हाका, वणवा, तर मी बाकाच्या घरून जंगलापलीकडे क्वार्नबूच्या गिरणीवर जायचो आणि तिथून एल्मोसला. एल्मोस तीन घरांचं. आमच्याहून लहान! आम्ही त्यांना हसायचो.

एकदाच हसलो नाही. त्या उन्हाळ्यात जंगल पेटलं होतं आणि वारा एल्मोसकडे. मी धावत निघालो, म्हणजे माणसं धावत होती, मी हातात. क्वार्नबूच्या गिरणीवाल्यानं मला घेतलं आणि पिठाच्या पोत्यावर टेकवलं. "एवढं एक पोतं दळून घेतो आणि निघतोच," म्हणाला. एक पोतं हो! मी त्या पोत्यावर पडून धुराचा वास घेत होतो. एल्मोसला मी पोचलो तेव्हा एका घराचा गोठा पेटून बसला होता. आत सात गाई. दाराबाहेर एक नऊ वर्षांची मुलगी कानांवर हात दाबून उभी होती. हात दाबून काही उपयोग नव्हता, सगळं ऐकू येत होतं.

ती मुलगी बोटिल. पुढे लग्न होऊन ती बाकाला आली, हाकनची बायको म्हणून. आणि तिच्याइतकं मला कुणीच पटापट पुढे नेलं नाही. पीठ मळत असली तर पिठाच्या हातानं. पायात बूट नसले तर तशीच. माझ्या मुठीवर एक डाग आहे अजून, तो तिच्या कणकेचा. तिची मुलगी सिसेला म्हणायची, "आई, निदान हात तरी धू!" बोटिल तोवर फाटकाबाहेर.

आता भांडणाचं सांगायला हवं. लाज वाटते सांगायला, पण सांगतो.

हाकन वारला. दफनानंतर बाकाला जेवण. आमच्याकडे अशा जेवणाची बिअर घरीच करतात, आणि ती दाट हवी, काळी हवी, प्याल्यात चमचा उभा राहिला पाहिजे. माणूस किती चांगला होता ते त्याच्या शेवटच्या बिअरवरून कळतं असं सगळे धरून चालतात. सोरचा मोन्स, हाकनचा जिवलग शेजारी, त्यानं घोट घेतला, मिशी पुसली आणि म्हणाला, "पातळ आहे."

एवढंच. दोन शब्द. मोन्स दोन शब्दांचाच माणूस होता, तिसरा शब्द त्याला जड जायचा. त्याला बिचाऱ्याला बहुतेक म्हणायचं होतं की त्या वर्षी बार्ली वाईट आली, किंवा हाकन गेला म्हणून घशाखाली काही उतरत नाहीये. कोण जाणे! पण बाहेर पडलं ते एवढंच.

बोटिलनं त्याच्या हातातला प्याला काढून घेतला. "माझ्या फाटकाच्या आत पुन्हा पाय ठेवायचा नाही."

अकरा वर्षं! अकरा वर्षं दोघं बोलले नाहीत. मग माझं काय? सोरनंतर बाका, आणि मी तर हातातून हातात जाणारा. तर त्यांनी तोडगा काढला. काढला म्हणजे बसून ठरवला नाही, आपोआप पडला. मोन्स चारशे पावलं चढून यायचा, बाकाच्या फाटकाच्या खुंटीवर मला अडकवायचा, फाटक तीनदा आपटायचा आणि पाठ फिरवून चालू लागायचा. मागे वळून बघायचं नाही. त्याची पाठ वळली की बोटिल बाहेर येऊन मला घ्यायची. चांगलं चाललं होतं हो! म्हणजे मूर्खपणाच होता, पण चालला होता. गावानं त्यावर विनोदही करून झाले. मेलानचा गुम्मे म्हणायचा, "त्या दोघांचं एकच फाटक टिकून आहे, बाकी सगळं मोडलं."

मग मोजणी आली.

सरकारनं कायदा केला की शेतांचे हे असे तुकडे बास झाले. प्रत्येकाला सलग एक जमीन मिळणार. ऐकायला छान. पण चार घरं एका ठिकाणी आणि चार जमिनी चार दिशांना, हे बसणार कसं? कुणीतरी एकानं घर उपटून दूर जायला हवं. आणि दूर म्हणजे कुठे, तर मोठ्या दलदलीच्या कडेला, एल्मोसच्याही पलीकडे. तिथे पाणी तपकिरी, माती आंबट, आणि ओट पिकलाच तर कोंबड्या तोंड फिरवतात.

कोण जाणार ते बैठकीत ठरायचं होतं. फेब्रुवारीतली बैठक, मेलानच्या मोठ्या खोलीत. शहरातून मोजणीचे साहेब येणार. आणि कायदा साफ होता: जो हजर नाही त्याचं म्हणणं नाही.

बोटिलचं म्हणणं तयार होतं. "चार चिठ्ठ्या टाका. नशिबात असेल तो जाईल." न्याय्यच होतं की! गोठ्यात गाईसमोर उभी राहून ती ते पाठ करायची. "साहेब, माझा नवरा नाही, पण माझं घर आहे. चार चिठ्ठ्या टाका." गाय रवंथ करायची. बोटिल पुन्हा पहिल्यापासून.

त्या वर्षी गावकारभारी गुम्मे होता. त्यानं चिठ्ठी लिहिली: उद्या सकाळी नऊ, मोजणीची बैठक. माझ्या चिरेत खोचली. मी नोरला गेलो, परत मेलानवरून सोरला आलो, मोन्सच्या हातात. दुपारची वेळ. बर्फ पडायला लागलं होतं, जाड, ओलं, गालावर चिकटणारं. मोन्सनं चिठ्ठी वाचली, बूट चढवले आणि निघाला. त्यात त्याचं काही चुकलं नाही, हे मी कुणासमोरही सांगेन.

खुंटीवर बर्फाचा थर. त्यानं मला अडकवलं. फाटक आपटलं. एकदा. मी हललो. दुसऱ्यांदा. मी टोकाला सरकलो. मोन्स, थांब! मोन्सराव, अहो थांबा! तिसऱ्यांदा. आणि तिसऱ्या आपटण्यानं मी खुंटीवरून सुटलो आणि खाली बर्फात, नाकावर.

तो तोवर पाठ फिरवून चालू लागला होता. मागे बघायचं नाही ना! अकरा वर्षांचा शिरस्ता.

आणि फाटकाचा आवाज? बर्फानं गच्च भरलेलं फाटक. धप्, धप्, धप्, उशी झोडल्यासारखा. घरात कुणाला कळणार?

माझ्यावर बर्फ साचायला लागलं. आधी पांढरा उजेड होता, मग निळसर, मग काहीच नाही. थोड्या वेळानं पावलं ऐकू आली. करकर, करकर. बोटिल! विहिरीकडे निघाली होती. अगदी माझ्या शेजारी थांबली. तिची बादली फाटकाला लागली. आणि ती पुटपुटत होती, "साहेब, माझा नवरा नाही, पण माझं घर आहे."

बोटिल! खाली बघ! अगं मी इथे आहे, तुझ्या डाव्या बुटाशी! उद्या आहे बैठक, उद्या!

तिनं खुंटीकडे पाहिलं असणार. खुंटी रिकामी. म्हणजे अजून निरोप नाही. "कधी ठरवतायत देव जाणे," ती स्वतःशी म्हणाली आणि गेली. करकर, करकर.

काय सांगू तुम्हाला. मी लाकूड आहे, मला घसा नाही. पण त्या दिवशी मी जेवढा ओरडलो ना, तेवढं जगात कुणी ओरडलं नसेल.

बैठकीत काय झालं ते मी पाहिलेलं नाही, पण नंतर इतक्या वेळा ऐकलंय की पाहिल्यासारखंच आहे. नऊ वाजले. नोर हजर, मेलान हजर, सोर हजर. टेबल रिकामं. मी नाही, म्हणून बैठक सुरू होईना. गुम्मे खोकला. "दांडका बाकाच्या घरून यायचाय, साहेब. बोटिल घेऊन येईल."

साहेबांनी अर्धा तास वाट पाहिली. मग म्हणाले, "तुमच्याकडे कायदा एका लाकडासाठी थांबतो का?"

साहेबांनी विचारलं, "त्या बाईंना निरोप गेला की नाही?"

"लावला होता," मोन्स म्हणाला. दोन शब्द. खरे.

"मग झालं." आणि साहेबांनी स्वतःची मोजपट्टी काढून टेबलावर ठेवली, मी पडायचो त्याच जागी. बैठक सुरू. तासाभरात संपलीही. दलदलीकडची जमीन बाकाला. घर हलवायचं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. बाकाची चढावरची जागा सोरच्या गटात.

मोन्स खिडकीशी बसला होता. तिथून बाकाचा धूर दिसतो. चूल पेटली होती म्हणजे बोटिल घरीच होती. चारशे पावलं आणि थोडी मेलानपर्यंतची. उठून जायचं आणि दार ठोकायचं, बस. तो उठला नाही.

बोटिलला संध्याकाळी गुम्मेनं जाऊन सांगितलं. ती आधी हसली म्हणे. तिला वाटलं थट्टा करतोय. मग म्हणाली, "दांडका आलाच नाही."

"मोन्स म्हणतो लावला."

"मोन्स खोटं बोलतो."

तिनं तालुक्याच्या न्यायाधीशांकडे अर्ज केला: मला निरोप पोचलेला नाही. सुनावणी मे महिन्यात लागली. सगळा हिवाळा गाव दोन भागांत. नोर म्हणे बोटिल खरी, मेलान म्हणे मोन्स खरा. क्वार्नबूच्या गिरणीवर पीठ न्यायला आलेले लोकही भांडायचे. एल्मोसवाले तर अर्थातच बोटिलच्या बाजूनं, त्यांचीच पोर ती. "दांडका दाखवा," ते म्हणायचे. "दांडकाच नाही तर निरोप कसला?" आणि त्यात जोर होता. मी जोवर सापडत नव्हतो तोवर बोटिलचं घर शाबूत होतं.

आणि मी फाटकाखाली पडून हे सगळं ऐकत होतो, वरून जाणाऱ्या-येणाऱ्यांचं. देवा, वितळू नकोस, देवा, बर्फ राहू दे! आधी सापडावं म्हणून तळमळत होतो, आता सापडू नये म्हणून. असली अवस्था शत्रूवर येऊ नये.

एप्रिलमध्ये बर्फ गेलंच. जातंच ते. सिसेलानं मला पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला. मागून बोटिल आली, वाकली आणि मला उचललं. चिरेत चिठ्ठी होती, लगदा झालेली, पण नऊचा आकडा दिसत होता.

तिनं अंगठ्यानं त्या आकड्यावरचा चिखल पुसला. मग म्हणाली, "खरं बोलत होता तो."

"आई, चुलीत घाल."

"काय?"

"चुलीत घाल म्हणते! कुणी पाहिलेलं नाही. दोन आठवड्यांनी सुनावणी आहे. हा दिसला तर संपलं. आपल्याच फाटकाखाली सापडला, म्हणजे निरोप पोचला असंच धरतील. आई, घर जाईल!"

"कळतं मला."

"मग दे इकडे." सिसेलानं माझं एक टोक धरलं. दुसरं बोटिलच्या मुठीत. मी मध्ये. खरं सांगू? मी सिसेलाच्या बाजूनं होतो. जाळा मला! एका म्हाताऱ्या दांडक्याचं काय एवढं? पाच मिनिटांचा जाळ, तेवढ्यात एक घर वाचतंय.

"हातात आलाय तो," बोटिल म्हणाली. "पुढे द्यायला हवा."

"पुढे कुठे? आपण शेवटचे!"

"असा कुणीतरी ठेवून घेतला होता एकदा. एका पोत्यापुरता." तिचा आवाज इतका बारीक झाला की सिसेलानं टोक सोडूनच दिलं. "मला अजून त्या गाई ऐकू येतात, सिसेला."

आणि ती निघाली. उताराने खाली, चारशे पावलं, अकरा वर्षांनी. मोन्स अंगणात लाकडं फोडत होता. तिला पाहून कुऱ्हाड वरच राहिली.

"घे," बोटिल म्हणाली.

त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "कुठं होता?"

"माझ्या फाटकाखाली."

"लावला होता."

"लावला होतास. पडला."

"तीनदा आपटलं."

"बर्फात काय आपटणार, कपाळ?"

मोन्सनं हात पुढे केला नाही. चेहरा राखेसारखा झाला होता. "परत ने." मग, मी पहिल्यांदाच ऐकलं, त्याच्या तोंडून शब्दांमागून शब्द यायला लागले. "परत ने आणि जाळ. मी पाहिलेला नाही हा. मला विचारलं तर मी सांगेन, लावला की नाही ते आठवत नाही. तू जा, बोटिल. जा घरी."

"अकरा वर्षं तू काहीच पाहत नाहीस," ती म्हणाली. "आज पाहा." आणि मला त्याच्या हातात ठेवलं. हातातून हातात.

मे महिन्यात मी न्यायाधीशांच्या टेबलावर होतो, पुरावा म्हणून. मोन्सला उभं केलं. "लावला होता का?"

"लावला होता. पण ती आलेली नव्हती ते मला दिसत होतं. धूर दिसत होता तिचा. मी जाऊन सांगू शकलो असतो. मी बसून राहिलो."

"तुम्ही बसून राहिलात की उभे राहिलात हे विचारलेलं नाही," कारकून म्हणाला. "लावला होता, एवढं पुरे."

गेलं घर.

आमच्याकडची घरं ओंडक्यांची. प्रत्येक ओंडक्यावर खूण करायची, उतरवायचे आणि नव्या जागी त्याच क्रमानं रचायचे. शेजाऱ्यांनी मदत करायची हेही कायद्यात होतं. तर बाकाचे ओंडके कुणाच्या बैलांनी ओढले? मोन्सच्या. बारा खेपा. बोटिल बैलांशी बोलायची, त्याच्याशी नाही. तिनं अंगणातलं सफरचंदाचं झाडही मुळासकट खणून गाडीत घातलं. मोन्सनं न बोलता मुळांभोवती स्वतःचा कोट गुंडाळला. दलदलीत ते झाड जगलं, पण सफरचंद कधी धरलं नाही.

गाव फुटलं. प्रत्येकाची जमीन सलग, प्रत्येकाचा दिवस वेगळा, कुणाला कुणाची गरज नाही. निरोप आता चर्चमध्ये रविवारी वाचून दाखवत. मी संपलोच होतो. पण मोन्सनं मला सोरच्या दारामागे टांगलं, आणि एका सकाळी बूट चढवून मला घेऊन निघाला. जंगलातून क्वार्नबू, तिथून एल्मोस, तिथून दलदलीच्या फळ्यांवरून. दीड तास.

बोटिल दारात आली. त्यानं मला पुढे केलं. तिनं चीर पाहिली. रिकामी.

"काय निरोप?"

"निरोप नाही."

"मग?"

"लाकूड सुकतं. टांगून."

तिनं मला घेतलं, हातात थोडा वेळ धरलं आणि परत दिलं. "बरं." झालं! तो तीन तासांच्या चालण्यातून एवढंच घेऊन घरी. पण पुढच्या महिन्यात पुन्हा. त्याच्या पुढच्या महिन्यातही. नऊ वर्षं! क्वार्नबूच्या गिरणीवर बायका हसायच्या, "निघाले आजोबा काठीला हवा खायला घालायला." तो हसू द्यायचा.

एकदा तिनं प्याला आणून दिला. दलदलीच्या पाण्याची, आंबट ओटची बिअर. "पातळ आहे," ती म्हणाली, त्याच्याकडे रोखून बघत.

मोन्सनं सगळी प्यायली, तळापर्यंत. "चांगली आहे."

सपशेल खोटं. पण ती त्या दिवशी आत जाऊन इतकी हसली की सिसेला बघायला आली.

मग लागोपाठ दोन वर्षं पीक गेलं. दलदलीवर तर काहीच उगवलं नाही. भाकरीत झाडाची साल दळून घालायला लागले. मोन्सनं पाहिलं तिचं अंग कसं झालंय ते, आणि परतीच्या वाटेवर तो माझ्याशी बोलला. हो, माझ्याशी! "मी तो पाया नांगरलेला नाही रे," म्हणाला. "बाकाचा पाया. माझ्या गटात आहे, पण नांगर फिरवला नाही. दगड तसेच आहेत. ओंडके परत आणता येतील. बारा खेपा."

मग सांग ना तिला! तोंडानं सांग! पण तो मोन्स. त्याला लिहून हवं होतं. आणि लिहिता त्याला येत नव्हतं, फक्त वाचता. चर्चच्या गावातल्या मास्तरांना सांगायला लाज वाटत होती, या वयात बाईमाणसाला चिठ्ठी! तीन दिवस तो घरातल्या घरात फिरला. चौथ्या दिवशी गेला. मास्तरांनी लिहिलं: बाकाचा पाया नांगरलेला नाही. परत या. ओंडके मी आणतो. मोन्सनं खाली सोरचा बाण काढला आणि त्याच्या शेजारी बाकाचं दाताळं. दाताळ्याला एक दात जास्त पडला.

चिठ्ठी माझ्या चिरेत. मी इतक्या आनंदात कधीच गेलो नव्हतो! एवढा चांगला निरोप मी जन्मात नेला नव्हता. चल मोन्स, भरभर चल!

दाराला बाहेरून झाडू टेकवलेला होता. आमच्याकडे झाडू टेकवला म्हणजे घरी कुणी नाही, येतीलच इतक्यात. मोन्स पायरीवर बसला. मी गुडघ्यांवर. दुपार झाली. उन्हं उतरायला लागली. एल्मोसची एक सून गाय शोधत आली.

"मोन्सबाबा, कुणाची वाट बघताय?"

"बोटिल."

"अगबाई! तुम्हाला कुणी सांगितलं नाही? त्या मंगळवारीच गेल्या. सिसेला आणि त्या. अमेरिकेला. आता जहाजावरसुद्धा चढल्या असतील."

"झाडू लावलाय," मोन्स म्हणाला.

"सवय असते हो बाईची," ती म्हणाली आणि गाईमागे गेली.

तीन दिवस. या वेळी बर्फही नव्हतं दोष द्यायला.

तो उठला. दार तीनदा ठोकलं. आणि या वेळी पाठ फिरवली नाही. दाराकडे तोंड करून तसाच उभा राहिला, अंधार पडेपर्यंत.

चिठ्ठी त्यानं काढली नाही. पोचेपर्यंत काढायची नसते. मला सोरच्या दारामागे टांगलं आणि मेला तोवर बाकाच्या पायावर नांगर फिरू दिला नाही. त्याच्या नातवानं मात्र ट्रॅक्टर घेतला, आणि चाक अडतं म्हणून ते दगड एका सकाळी उपटून बांधावर टाकले.

आज सोरमध्ये फक्त उन्हाळ्यात माणसं असतात, शहरातली. बाकीचे महिने उंदीर आणि मी. ती माणसं मला म्हाताऱ्याची काठी म्हणतात. गरम झालं की खिडकी उघडी राहावी म्हणून मला फटीत अडकवतात. खिडकीतून चढ दिसतो. तिथे आता नुसतं गवत आहे, धूर नाही. कुणी कधी माझ्या चिरेत बोट घालून पाहिलेलं नाही. एकदा पोरांनी माझी गोळी मारायची बंदूक केली, तेव्हा वाटलं, आता पडेल चिठ्ठी, आता दिसेल! नाही पडली. येर्करनं चीर फार घट्ट पाडली होती. चांगला कारागीर, काय करणार.

म्हणून तुम्हाला सांगतोय. तुमच्यापैकी कुणी तिकडे समुद्रापलीकडे गेलं, आणि तिथे एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात, पेटीवर, चमच्यावर, कशावरही दाताळ्याची खूण दिसली, तर ती सिसेलाच्या नातीपणतींपैकी असेल. तिला सांगा, सोरच्या खिडकीत एक निरोप अडकलाय. उशीर झालाय, मला माहितीये. पाया राहिलेला नाही, ओंडके कुजलेत, आणायला मोन्सही नाही. तरी सांगा. मला उचला इथून. कुणाच्याही हातात द्या, त्यानं पुढच्याच्या हातात द्यावं. पण एक विनंती आहे, बूट चढवायला लागतील तेवढंच थांबा. दळायचं पोतं नंतर दळा.